सड्यावरचा तेरडा आणि फुरसं

मैत्रिणींनो, गौरी-गणपतीला कोकणात सासरी जाणाऱ्या तुमच्यात पुष्कळजणी असतील. आम्हीही दरवर्षी कोल्हापूरहून अणुस्कुरा घाट उतरून राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी जातो. गौरीसाठी तेरडा आणायला घरातल्या बायका-पोरी सड्यावर जातात. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट रान. उन्हाळ्यात नुसता भाजून निघालेला, पण भाद्रपदात काय त्याचं रूप! हिरवंगार गवत, मधूनमधून पाण्याची डबकी आणि तेरड्याचा गुलाबी रंग. पाहत राहावं असं वाटतं.

पण त्याच गवतात फुरसंही असतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तेरडा उपटायला गवतात हात घातला आणि बोटाला दंश झाला. जाणत्या मंडळींनी आधी त्यांना मांत्रिकाकडे नेलं. तिथं दोन तास गेले. तोवर हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा कुठे सरकारी दवाखाना आठवला! सर्पदंशाची लस मिळाली आणि त्या वाचल्या. पण ते बोट आजही ताठच आहे. मोदकाच्या कळ्या पाडायला त्या आता मलाच बसवतात.

गंमत म्हणजे सड्यावर जाणं त्यांनी सोडलं नाही. उलट आता त्याच आमच्या पुढारी. हातात काठी, पायात बूट. आधी काठी आपटायची, गवत बाजूला सारायचं, बघायचं आणि मगच हात घालायचा.

यंदा माझी मुलगी एका दगडापाशी वाकली, तोच जाऊबाई म्हणाल्या, "बाळ, हलू नकोस. आता हळूच मागं ये." पाहते तो दगडाच्या कडेला तांबूस, हातभरही लांब नसलेलं फुरसं! डोक्यावर फिकट बाणासारखी खूण, कुशीला नागमोडी पांढुरकी रेघ. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खर्रखर्र आवाज करत होतं. आम्ही चार-पाच पावलांवरून दोन मिनिटं पाहिलं आणि वाट बदलली. कुणी दगड उचलला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सापांना संरक्षण आहे, आणि मारायला जाणाऱ्यालाच पुष्कळदा दंश होतो.

दुरून ओळखायच्या चार खुणा तुम्हीही लक्षात ठेवा. घोणस जाडजूड, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके आणि फुत्कार अगदी कुकरच्या शिटीसारखा. मण्यार निळसर काळी. तिचे पांढरे पट्टे मानेच्या बऱ्याच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. नाग फणा काढतो हे खरं, पण स्वस्थ असताना काढत नाही, म्हणून त्याला धामण समजून जवळ जाऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, एवढं अंधारात दिसणार कसं? बरोबर आहे. म्हणूनच सांगते, ओळख ही लांब राहण्यासाठी, हात लावण्यासाठी नव्हे. शंका आली की साप विषारीच समजावा. घरात शिरला तर नजर ठेवून वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावं.

दंश झालाच तर साप कोणता हे शोधत बसू नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालते. हातातल्या बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, कारण सूज आली की त्या रुततात. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला धीर द्या, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. मण्यारीचा दंश तर झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या मिटू लागल्या, की वेळ घालवू नये. म्हणून गावी जमिनीवर गाद्या घातल्यात तर मच्छरदाणी लावून ती गादीखाली नीट खोचा. रात्री अंगणात जाताना बॅटरी हवीच.

परतीच्या वाटेवर लेकीनं विचारलं, "काकू, तुम्हाला त्याचा राग नाही येत?" जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "त्याच्या घरात मीच न विचारता हात घातला होता गं. राग आहे तो त्या दोन तासांचा."

यंदा गावी जाल तेव्हा सड्यावर जरूर जा. फक्त काठी पुढे, हात मागे!