फी माफ, हॉस्टेल फुकट; पण किती दिवस?

तुमच्या घरात बास्केटबॉल खेळणारं कुणी असेल, तर दहावीच्या आगेमागे एखादा फोन येऊ शकतो. "मुलगी छान खेळते. आमच्या कॉलेजात पाठवा. फी माफ, हॉस्टेल फुकट." यंदा तो झाशीत माझ्या मामाकडे आला. कॉलेज महाराष्ट्रातलं. मामा खूश, मामी गप्प. आजीने मात्र लगेच विचारलं, "किती दिवस फुकट?"

मी मजकूर लिहायचं काम करते, म्हणून तो व्हॉट्सॲपवर आलेला कागद माझ्याकडे वाचायला आला. 'शंभर टक्क्यांपर्यंत सवलत' हे शब्द दिसले की माझी नजर आधी 'पर्यंत'वर जाते. तुमचीही जाऊ द्या.

झाशीत खेळाचा विषय निघाला की गाडी ध्यानचंदांवर येणारच. मामाही तेच म्हणाला, "झाशीची पोरं खेळावरच मोठी झाली." खरं आहे, पण ती गोष्ट नीट आठवून बघा. १९२२ मध्ये ध्यानचंद फौजेत भरती झाले ते साधे शिपाई म्हणून. त्यांची हॉकी घडली ती पलटणीत, सुभेदार-मेजर बाले तिवारींच्या हाताखाली. १९२६ मध्ये ते न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले आणि पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं आली. म्हणजे नोकरी आधी, खेळ नंतर. एखाद्या सामन्यात गोल झाला नाही म्हणून शिपायाची भाकरी बंद होत नव्हती. आजच्या मुलांपुढे येणारा कागद बरोबर याच्या उलटा असतो. आधी खेळ, आणि खेळ चालू असेल तोवर बाकीचं.

दुसरी गंमत शब्दाची. आमच्या उत्तर प्रदेशात अकरावी-बारावी म्हणजे इंटर कॉलेज. महाराष्ट्रात तेच ज्युनिअर कॉलेज. अमेरिकेत मात्र ज्युनिअर कॉलेज बारावीनंतर येतं. दोन वर्षं तिथे शिकायचं आणि खेळायचं, मग चार वर्षांच्या कॉलेजात जायचं. वाराणसीची बरखा सोनकर शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेली, मग तिथल्याच हिल्सबरो कम्युनिटी कॉलेजकडून खेळली आणि पुढे केंटकीतल्या लिंडसे विल्सन कॉलेजात गेली. वाट खरी आहे, पण सगळीकडे सारखी नाही. तिथल्या ज्युनिअर कॉलेजांची क्रीडा संघटना १९३८ पासून आहे आणि तिचे तीन विभाग आहेत. पहिल्यात फीसोबत राहणं-जेवणही मिळू शकतं, दुसऱ्यात फी आणि पुस्तकं, तिसऱ्यात खेळासाठी पैसे नाहीत. करारपत्र असतं एका शैक्षणिक वर्षाचं. तेव्हा कुणी 'अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज' म्हणालं, तर आधी विभाग कोणता ते विचारा.

आपल्याकडेही मुलं खेळावर पुढे जातात. महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. 'खेलो इंडिया'त निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांची मदत ठरलेली आहे, त्यातले १ लाख २० हजार हातखर्चाचे. यासाठी लागतात स्पर्धांची प्रमाणपत्रं. ती एका फाइलमध्ये जपून ठेवा, तारखांसकट. प्रशिक्षकाच्या तोंडी कौतुकाला ऑफिसात किंमत नसते.

आम्ही घरात बसून चार प्रश्न लिहिले. सवलत एका वर्षाची की दोन्ही? संघातून वगळलं तर फी भरायची का? गुडघा दुखावला तर उपचार कोण करणार आणि हॉस्टेल राहणार का? सरावामुळे बुडालेले तास आणि प्रॅक्टिकल कोण भरून देणार? गुडघ्याचा प्रश्न मामीचा होता. तो उगाच नव्हता. उडी मारून उतरताना, एकदम दिशा बदलताना गुडघ्यातला लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात. दोन वर्षांच्या कॉलेजात नऊ महिने म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा.

पाचवा प्रश्न बहिणीने स्वतः लिहिला. "माझ्या जागेवर खेळणाऱ्या आधीच किती जणी आहेत?" आम्ही कुणी हा विचारच केला नव्हता. संघात बारा जणी, मैदानावर पाच. बाकावर बसून दोन वर्षं काढायची असतील, तर घर सोडून इतक्या लांब कशाला जायचं?

उत्तरं आली. सवलत एका वर्षाची, पुढची कामगिरी बघून. तिच्या जागेवर दोघी, त्यातली एक यंदा बारावीत. उपचाराचं फोनवर "बघू" झालं. मामाने ते लेखी मागितलं. आठवड्याने प्राचार्यांच्या सहीचं पत्र आलं: दुखापत झाली तरी चालू वर्षाची फी आणि हॉस्टेल कायम. उपचाराचा खर्च आमचा. मामाने दुसऱ्याच दिवशी आरोग्य विम्याची चौकशी केली.

एक गोष्ट उरली होती. "खेळाडूंना आर्ट्स सोपं पडतं," असं प्रशिक्षक म्हणाले होते. मी स्वतः आर्ट्सची, त्यामुळे 'सोपं' शब्दावर मला हसू आलं. बहिणीला सीए व्हायचं आहे. तिने अर्जात कॉमर्स लिहिलं आणि वेळापत्रक मागवलं. सराव पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी, वर्ग मधे. तिने ते भिंतीवर चिकटवलं आणि उठायची सवय म्हणून झाशीतच पाचचा गजर लावला. आता अख्खं घर पाचला उठतं, आणि चहा आजी करते.