भीतीला तिची जागा

मिरगाचा पाऊस सुरू झाला की पूर्णगडात चिखलात पाय न घातलेलं माणूस सापडणं कठीण. मी त्यातली एक. ल्युपसचं निदान झालं त्या वर्षापासून मी लावणीला मळ्यात उतरलेली नाही. घरचे आणि शेजारणी इरली घेऊन निघतात, मी पडवीत पिठलं-भाकरीची शिदोरी बांधून देते. सुरुवातीला याचं फार वाईट वाटायचं. मी माहेरीही शेतातच वाढले. लावणीची गाणी, एकमेकींची थट्टा, चिखलात वाकून वाकून दुखणारी कंबरसुद्धा मला हवीहवीशी होती.

ल्युपसमध्ये शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटते. तिला आवरायला प्रेडनिसोलोन, मायकोफेनोलेट अशी औषधं घ्यावी लागतात. ती आवरली की बाहेरच्या जंतूंना वाट मोकळी होते. आजारात धोका आहे आणि उपचारातही. त्यात स्टिरॉइड ताप दडपून टाकतं, त्यामुळे आत जंतुसंसर्ग पसरत असतानाही थर्मामीटर नव्याण्णवच्या पुढे जाईलच असं नाही. ही एक गोष्ट मला कळली नसती तर आज हे लिहायला मी असते की नाही, शंकाच आहे.

निदानानंतर काही महिने मी सगळ्यालाच घाबरले होते. दाराच्या कडीला, नोटांना, पोरांच्या पाप्यांना, वाऱ्यालासुद्धा. मुंबईच्या संधिवाततज्ज्ञ डॉक्टरबाईंनी मला त्यातून बाहेर काढलं. त्यांनी विचारलं, "घरात गुरं आहेत? मळ्यात कोण जातं? मासे कोण साफ करतं? पाणी विहिरीचं की नळाचं?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या गावात तुम्हाला ज्याची भीती हवी ते एवढंच आहे. बाकीची सोडून द्या." तो कागद अजून माझ्या फाइलीत आहे.

त्यात पहिलं नाव होतं लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून हे जंतू मळ्यातल्या साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत ठणका. दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडं आणि यकृत धोक्यात. कोकणात दर पावसाळ्यात हा आजार डोकं वर काढतो. धोका असलेल्यांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. मीही विचारलं, गोळी घेऊन लावणीला जाऊ का? पण या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते आणि ल्युपसच्या माणसाला ऊन मुळातच सोसत नाही, थोड्या उन्हानेही आजार उसळू शकतो. शिवाय गोळी म्हणजे काही चिलखत नव्हे. तेव्हा मळा सोडायचा असंच ठरलं. घरातले बाकीचे मात्र गमबूट घालतात आणि पायाला जखम असेल त्या दिवशी बांधावरच थांबतात. हे त्यांनी माझ्यासाठी सुरू केलं, फायदा त्यांचाही झाला.

दुसरं नाव मासळीचं. मुचकुंदी नदीच्या मुखाशी राहायचं आणि मासे खायचे नाहीत, हे कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. खायला मनाई नाहीच, पुरतं शिजवून खायचं. भीती आहे ती काट्याची. समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात असे जंतू असतात की काटा टोचल्याच्या किंवा कालवाच्या शिंपीने कापल्याच्या जागेतून शिरले तर प्रतिकारशक्ती कमी असलेल्याचं रक्त काही तासांत दूषित होऊ शकतं. म्हणून ओहोटीला खडकावर कोयती घेऊन कालवं काढायला मी आता जात नाही. मासे सासूबाई साफ करतात. कालवण मी करते, आणि ते गावात कुणापेक्षा कमी होत नाही.

पाण्याचा प्रश्न सोपा होता. पावसाळ्यात विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर पडते, तरी आमच्याकडे पाणी उकळूनच पितात.

अवघड होती ती माणसं. गणपतीत चाकरमानी गावी येतात, घराघरात आरत्या, भजनं, दाटीवाटी. कुणी खोकत असतं, कुणाला प्रवासात ताप येऊन गेलेला असतो. आरतीनंतर तीर्थाची पळी पुढे येते. कच्च्या दुधाचं पंचामृत मी घेत नाही. देवाचं नाकारलं म्हणून पहिल्या वर्षी एक मोठ्या काकू दुखावल्या. मी त्यांना बाजूला बसवून सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांच्या घरी आरती झाल्यावर त्या स्वतः माझ्या हातावर नारळाचा तुकडा ठेवून म्हणाल्या, "सुनबाय, हा तुझ्यासाठी आत्ताच फोडलाय." कितीतरी जणी औषधांबद्दल बोलायला लाजतात, न सांगताच टाळत राहतात आणि हळूहळू एकट्या पडतात. मला हे पटत नाही. आपल्याला काय झालंय ते शेजाऱ्यांना कळलं पाहिजे, तरच ते सांभाळून घेतील. आता वाडीत कुणाच्या मुलाला कांजिण्या आल्या की निरोप आधी माझ्याकडे येतो.

मास्कचं म्हणाल तर 2020 नंतर त्याचं कुणाला नवल राहिलं नाही. पण त्याच वर्षीच्या मार्चने आम्हाला दुसराच धक्का दिला. कोरोनावर उपयोगी पडेल या आशेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला एकदम मागणी आली, सरकारला तिची निर्यात थांबवून विक्रीवर निर्बंध आणावे लागले. ही माझी रोजची गोळी. ती प्रतिकारशक्ती खच्ची न करता ल्युपस ताब्यात ठेवते, त्यामुळे आमच्यासारख्यांना तिची किंमत फार. टाळेबंदीत रत्नागिरीतली दुकानं पालथी घालून भाजीच्या गाडीवाल्याने एक पाकीट आणून दिलं, तेव्हा मी रडले होते.

लशींबद्दल थोडक्यात सांगते. फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोनियाची, या दोन मी घेतल्या. जिवंत जंतूंच्या लशी आम्हाला चालत नाहीत, म्हणून कुठलीही सुई टोचून घेण्याआधी औषधांची यादी दाखवायची. नागिणीची नवी लसही निर्जीव आहे. ती महाग आहे, पैसे साठवते आहे.

एवढं करूनही संसर्ग होतोच. एका श्रावणात रात्री मला हुडहुडी भरली. थर्मामीटरवर नव्याण्णव पॉइंट चार. सासूबाई म्हणाल्या, "ताप नाय गो फारसा, काढा घे नि झोप." एरवी तेच योग्य ठरलं असतं. पण मी दिरांना उठवलं, म्हटलं, "भावजी, गाडी काढा." पंचवीसेक किलोमीटर, पावसाचा अंधार, पावस गावापर्यंत रस्त्यावर एक माणूस दिसलं नाही. पहाटे रत्नागिरीत छातीचा एक्स-रे काढला. न्यूमोनिया होता, नुकता सुरू झालेला. शिरेतून प्रतिजैविकं लगेच सुरू झाली. मायकोफेनोलेट काही दिवस थांबवलं, प्रेडनिसोलोन मात्र नाही. बरीच वर्षं घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद केलं तर जिवावर बेततं, आणि आजारपणात नातेवाईक नेमक्या याच गोळ्या "गरम पडतात" म्हणून बंद करतात. हे मी भेटेल त्याला सांगते, पुन्हा पुन्हा सांगते.

घरी आल्यावर सासूबाईंनी एक काम केलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नातीकडून सगळं पाठ करून घेतलं: गोळ्यांची नावं, कुठली कधीच थांबवायची नाही, थंडी वाजली तर ताप नसला तरी निघायचं. आता मला साधी शिंक आली तरी त्या आधी माझ्या पोटऱ्या दाबून विचारतात, "हय दुखता काय?"