चार बोटं जागा

प्रत्येक मुलखाचा एक खास आवाज असतो. मुंबईचा लोकलचा, कोकणचा समुद्राचा. आणि पुण्याचा आवाज म्हणजे दार चार इंच उघडून विचारलेलं 'कोण हवंय?' आमच्या वऱ्हाडाचा आवाज मात्र 'धाडकन' असा आहे. तो पिकअप गाडीच्या पुढल्या चाकांपाशी जन्माला येतो, आत बसलेल्या माणसाच्या माकडहाडातून वर चढतो आणि टाळूतून बाहेर पडतो. मागोमाग ड्रायव्हर एक शब्द उच्चारतो. तो इथे छापता यायचा नाही. पण रस्ता बांधणाऱ्याच्या कुळाशी त्याचा फार जवळचा संबंध असतो.

पिकअप म्हणजे काय हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि पोटात डिझेल इंजिन, एवढंच तिचं वर्णन. पण पूर्वी बंडी जे जे करायची ते सगळं आता ही गाडी करते. सकाळी ती संत्री नेते, दुपारी सरकी आणते, संध्याकाळी बकऱ्या नेते आणि लग्नसराईत वऱ्हाड. कधीकधी शेवटच्या दोन गोष्टी एकाच फेरीत उरकतात.

चांदूरबाजार तालुक्यात माझी बहीण दिली आहे. तिच्या मुलाकडे अशी एक पिकअप आहे. 'त्याच्याकडे आहे' म्हणजे गाडी बँकेची आहे, हा नुसता चालवतो. संत्र्याच्या हंगामात तो गावोगावचा माल अमरावतीला आणि अकोल्याला पोचवतो. गेल्या आंब्या बहारापासून त्याच्या गाडीला हा 'धाडकन'चा आजार जडला. खड्डा आला की गाडीचं तोंड खाली बसे आणि लोखंडावर लोखंड आपटे. गावाबाहेरच्या रपट्यावर आवाज झाला, की इकडे माझी बहीण चहाचं आधण ठेवी. चहा उकळेपर्यंत मुलगा दारात. म्हणजे आजाराचे काही फायदेही होते. पण बाजारात पोचेपर्यंत तळच्या कॅरेटमधली संत्री मऊ पडत, व्यापारी ती बोटानं दाबून बघे आणि बिलातून पैसे कापी. बँक मात्र हप्त्यातून काही कापत नसे.

आता वऱ्हाडात गाडी बिघडणं ही काही खाजगी बाब नाही. उभ्या गाडीपाशी पाच मिनिटांत पाच तज्ज्ञ जमतात. त्यातल्या दोघांकडे सायकलसुद्धा नसते. पहिला म्हणाला, "शॉकप गेले." दुसरा म्हणाला, "टायरात हवा कमी ठेव, आपोआप नरम चालते." तिसऱ्याच्या मते हवा वाढवायला हवी होती. चौथ्यानं लिंबू-मिरची कधी बदलली होती ते विचारलं. पाचवा मात्र अनुभवी निघाला. तो म्हणाला, "समोर येक पाटा वाढवून घे. मंग पायजे तेवढा माल भर." हा सल्ला भाच्याला एकदम पटला. ज्या सल्ल्यात दुखणं बरं होतं आणि वर माल जास्त भरता येतो, तो कुणाला पटणार नाही?

मला वाटलं होतं, की हा प्रश्न सरकारनंच सोडवला आहे. अमरावती-अकोला हा रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३. त्याचं काम कित्येक वर्षं रखडलं होतं. अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाऊन आलेला माणूस त्या काळी नातेवाइकांना भेटण्याआधी हाडवैद्याला भेटे. आणि मग २०२२ च्या जून महिन्यात चमत्कार झाला. ३ तारखेच्या सकाळी सात वाजून सत्तावीस मिनिटांनी डांबरीकरण सुरू झालं आणि ७ तारखेच्या संध्याकाळी पाचला संपलं. १०५ तास ३३ मिनिटांत एका पदरानं मोजला तर ७५ किलोमीटर आणि दोन पदरांनी मोजला तर साडेसदतीस किलोमीटर रस्ता सलग तयार! गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. २०१९ मध्ये तिथे सव्वापंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते. ज्या रस्त्याला आम्ही इतकी वर्षं शिव्या दिल्या, त्यानं तेलाच्या राजांना मागे टाकलं. आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी तर 'आपल्या शिव्या फळल्या' म्हणून पेढे वाटले.

पण संत्री काही महामार्गावर पिकत नाहीत. ती वावरात पिकतात, आणि वावरापासून डांबरापर्यंत पांदण रस्ता असतो. त्याखाली आमची ती प्रसिद्ध काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरसाल फुगणाऱ्या-बसणाऱ्या जमिनीवर रस्ता सपाट राहील कसा? कापसाला आणि संत्र्याला ही माती आईसारखी, रस्त्याला मात्र सासूसारखी. तेव्हा विक्रमी रस्त्यावर सुखानं गेलेली गाडी घराकडे वळली की पुन्हा धाडकन!

अकोल्याला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून एकदा मी भाच्याच्या गाडीतून निघालो. माल उतरवून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, पाच मिनिटं. जरा पाटा वाढवून घेतो." वऱ्हाडातली पाच मिनिटं मला ठाऊक असल्यामुळे मी वर्तमानपत्र विकत घेतलं.

शहराबाहेर एका कडुनिंबाखाली मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर टिनाचं छप्पर आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. मिस्त्री साठीचा. त्यानं भाच्याचं म्हणणं ऐकून घेतलं, गाडीखाली गेला आणि बराच वेळ आलाच नाही. झोप लागली की काय असं मला वाटेपर्यंत आतून आवाज आला, "बोट घाला इथी."

भाचा खाली वाकला. पुढच्या ॲक्सलच्या वर, चेसीला एक रबराचा ठोकळा होता. निदान कधीकाळी होता. आता त्याची खारीक झाली होती. त्या ठोकळ्यात आणि ॲक्सलमध्ये जेमतेम एक बोट शिरत होतं.

"खाली गाडीत चार बोटं जागा पायजे," मिस्त्री बाहेर येत म्हणाला. "तुमची गाडी कधीमधी या रबरावर टेकली तं चालते. पण ते तं इथी मुक्कामालेच हाय!"

"म्हणून तं म्हणतो, येक पाटा वाढवा," भाचा म्हणाला.

"वाढवतो ना. माह्यं काय जाते? पण मंग काय होईन? आज मार पाटा खाते, उद्या चेसी खाईन. मार तं तेवढाच हाय बावा, खाणारा बदलते."

मी वर्तमानपत्र मिटलं. चाळीस वर्षं कॉलेजात शिकवताना मला इतकं स्वच्छ वाक्य कधी सुचलं नव्हतं.

मिस्त्रीलाही श्रोता मिळाल्याचा आनंद झाला असावा. त्यानं मला स्टूल दिलं आणि पाठ सुरू केला. बंडीला पाटे नसतात. त्यामुळे तिच्यात बसलेल्याला प्रत्येक दगड वैयक्तिकरीत्या भेटतो. घोडागाड्यांच्या जमान्यात विलायतेतल्या एलियट नावाच्या माणसानं १८०४ मध्ये कमानदार पाट्यांचं पेटंट घेतलं, तेव्हापासून माणसाच्या पाठीला बरे दिवस आले. (ही एलियटची भर माझी, मिस्त्रीनं फक्त 'पयले साहेब लोकायनं काढलं' एवढंच सांगितलं.) गाडीचं वजन पेलतात ते पाटे. आणि शॉकप? "शॉकप गाडीले नाई धरत सर. तो पाट्याले धरते. पाटा उसळला का त्याले म्हणते, बस झालं आता, खाली बस." म्हणजे शॉकप हा घरातला तो शांत काका. कर्ता तो नव्हे, पण तो गेला की कर्त्या माणसाची उसळी थांबवायला कुणी उरत नाही. भाच्याचे दोन्ही काका केव्हाच तेल गाळून बसले होते.

"पण चार बोटांची एक बोट झाली कशानं?" मी विचारलं.

उत्तरादाखल मिस्त्रीनं गाडीसमोर उभं राहून नुसता हात फिरवला. पुढे एक लोखंडी गार्ड होता, रणगाड्याला न्यूनगंड यावा असा. असले गार्ड गाडीला लावू नयेत असं केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरात कळवलं आहे. पण सरकारचं पत्र आमच्याकडे पोचायला पांदण रस्त्यानंच येतं. केबिनच्या डोक्यावर कॅरिअर. त्यात स्टेपनी, दोन ताडपत्र्या, दोरखंड आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीची आणखी एक स्टेपनी. सीटमागे पाण्याचा कॅन, जॅक, साखळी, पाने. मग मिस्त्रीनं सीटखाली हात घातला आणि पोरांच्या मदतीनं एक दगड बाहेर ओढला. तो माझ्या बहिणीचा मसाला वाटायचा पाटा होता, वरवंट्यासकट. टाकी लावून आणायला म्हणून दिवाळीत दिलेला!

मिस्त्रीनं तो खाली ठेवला आणि हात झटकले. "येक पाटा तं तुमी आंधीच वाढवून ठेवला हाय."

भाचासुद्धा हसला. बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिला मी त्याला.

पुढलं काम चार तास चाललं. समोरच्या पाट्यांतला एक तुटलेला निघाला आणि बाकीच्यांची कमान पार उतरली होती. जुने पाटे ठोकून पुन्हा कमान देता येते, पण "जुनं लोखंड लवकर विसरते" म्हणून मिस्त्रीनं नवीनच घातले. मात्र जितके होते तितकेच, एकही जास्त नाही. शॉकप जोडीनं बदलले. एकच नवा घातला तर गाडी त्या बाजूला मान धरते म्हणे. बुश नवे, रबराचे ठोकळे नवे. पाचसहाशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला सांगितले, कारण नवे पाटे एकमेकांवर नीट बसले की बोल्ट सैल पडतात. गार्ड काढायला भाचा तयार नव्हता. त्याच्यावर त्याच्या गावाचं नाव रंगवलं होतं. "नाव हौद्याच्या मांगं लिवा. लोकं ओव्हरटेक करताना वाचतीन," असं मिस्त्रीनं म्हटल्यावर तोही निघाला. वरचा कॅरिअर रिकामा झाला. मग मिस्त्रीनं ठोकळ्याखाली बोटं घातली. चार बरोबर!

बिल एका हप्त्याएवढं झालं. पैसे मोजून घेताना तो म्हणाला, "आन् खड्ड्यात ब्रेक नका दाबत जाऊ. ब्रेक दाबला का गाडीचं सारं वजन समोर येते. जागा तं तिथीच संपली, मंग खड्ड्याले काय देता? खड्ड्याच्या आंधी दाबायचा आन् खड्ड्यात सोडून द्यायचा."

लग्न अर्थातच बुडालं. पण परतीच्या वाटेवर मी अक्षतांपेक्षा त्या चार बोटांचाच विचार करत होतो. पाट्याचं काम कडक राहणं नव्हे, दबणं आहे. दबायला जागा मात्र हवी. ती जागा आपण आधीच बारीकसारीक ओझ्यांनी भरून टाकतो आणि मग खड्ड्याला दोष देतो.

मूर्तिजापूर सोडल्यावर भाचा आपणहून बोलू लागला. हप्ता भागत नाही म्हणून तो दोन महिने रात्रीचीही एक फेरी करत होता. दिवसा दोन, रात्री एक. झोप स्टिअरिंगवर, जेवण ढाब्यावर. बहीण मला मागे फोनवर म्हणाली होती, "पोरगा गाडीसारखाच झाला रे दादा. मीठ कमी पडलं, का धाडकन!" तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं, आता शेजारी बसलेल्या त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसत होती. बिचाऱ्याच्या रबरावरच सगळा भार आला होता. मी उपदेश केला नाही. नुसतं विचारलं, "रात्रीच्या फेरीत डिझेल आणि मऊ संत्री वजा जाता उरतं किती?" त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि बडनेरा येईतो गप्प बसला. अमरावतीला मला उतरवताना म्हणाला, "मामा, रात्रीची फेरी बंद करतो. बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून मागतो."

मुदत वाढवून मिळाली. व्याज थोडं जास्त जाईल, पण वजन आता जास्त दिवसांत वाटलं गेलं. तळची संत्री आता कडक उतरतात. मसाल्याचा पाटा टाकी लावून घरी पोचला.

एकच पंचाईत झाली आहे. रपट्यावर आता आवाज होत नाही, त्यामुळे बहिणीला मुलगा आल्याचं कळत नाही आणि तो दारात येतो तेव्हा चहा तयार नसतो. परवा तिनंच सांगितलं, "तरी काही बोलत नाही रे दादा. ओट्यावर बसून राहते आधण येईपर्यंत."

मी म्हटलं, "बसणारच. चार बोटं जागा आहे आता."

ती म्हणाली, "कुठी? ओट्यावर?"