गिरणी, मारवा आणि चार स्प्रिंगा

अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या घराला लागून पिठाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की आमच्या माडीच्या फळ्यांतून ती तळपायांना कळे. जन्मापासूनच्या सवयीने आम्हाला तिचे काही वाटेनासे झाले होते. मी शाळेत असताना आप्पांनी जुना रेकॉर्ड-प्लेअर विकत आणला, आणि त्या दिवसापासून गिरणी नव्याने ऐकू येऊ लागली.

आप्पा शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. त्यांच्याजवळ मोजक्याच तबकड्या होत्या. त्यांतली अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची त्यांना सर्वांत प्रिय. ज्यांनी तो मारवा ऐकला आहे त्यांना ठाऊक असेल, की त्यात स्वरांइतकेच मोल दोन स्वरांमधल्या शांततेला आहे. नेमकी त्या शांततेत आमच्याकडे घरघर भरलेली असे. तंबोऱ्याच्या खर्जाखाली आणखी एक बेसूर खर्ज! आप्पांनी गिरणीवाल्यांकडे एकदा विषय काढून पाहिला. ते हसून म्हणाले, "सर, गावानं भाकरी खायची का तुमचं गाणं ऐकायचं?" यावर उत्तर नव्हते. मग आप्पांनी आपल्याच घरात उपाय शोधायला सुरुवात केली.

तबकडीच्या खाचेतली नागमोड केसाच्या जाडीहूनही बारीक असते. सुई ती नागमोड वाचते म्हणजे काय, तर आपल्या आणि तबकडीच्या मधली हालचाल तेवढी जाणते. ती हालचाल गायकाच्या गळ्यातून आली की शेजारच्या मोटरीतून, हे कळण्याचे तिला साधन नाही. आप्पा न फिरणाऱ्या तबकडीवर सुई टेकवत, आवाज वाढवत, आणि ध्वनिवर्धकातून निव्वळ गिरणी ऐकू येई. ही त्यांची कसोटी.

पहिला प्रयोग हवाई चपलांच्या तुकड्यांचा. ते फार कडक निघाले. दुसरा आजीच्या गोधडीच्या चौपदरी घडीचा. ती दाबून घट्ट झाली आणि घरघर तशीच राहिली. तिसऱ्या वेळी त्यांनी वीसेक किलोंची कडप्पा फरशी आणली आणि मोडक्या सोफ्यातल्या चार स्प्रिंगांवर ठेवली. त्यामागचे गणित त्यांनी मला वहीत करून दाखवले होते. भाराखाली स्प्रिंग १ सेंटिमीटर खचली, तर तिची स्वतःची आंदोलने सेकंदाला सुमारे ५ होतात. ४ सेंटिमीटर खचली, तर अडीच. गिरणीची मोटर मिनिटाला १४४०, म्हणजे सेकंदाला २४ फेरे घेणारी. ५ आंदोलनांच्या स्प्रिंगेवरून तिचा कंप जेमतेम बाविसाव्या हिश्श्याने वर पोहोचतो. मात्र सावकाश धक्क्यांपुढे हीच स्प्रिंग दुबळी. आई माडीवर चालू लागली की फरशी डोलायची आणि सुई उडायची. म्हणून अखेरीस सारा सरंजाम गिरणीच्या समोरच्या भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कोनांवर गेला. त्या संध्याकाळी, गिरणी चालू असताना, आम्ही मारवा ऐकला. आप्पा एक शब्दही बोलले नाहीत.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे भांडी पडली, एका भिंतीला तडा गेला, आम्ही अंगणात धावलो. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत काय झाले ते दुसऱ्या दिवशी समजत गेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशा घरांखाली झोपेतच हजारो माणसे गेली. आमचे घर त्याच जातीचे होते.

त्यानंतरच्या रात्री आम्ही बाहेर झोपत असू. आप्पा मात्र अधूनमधून माडीवर जात. एकदा मी मागोमाग गेलो, तर त्यांनी स्प्रिंगा काढून ठेवल्या होत्या आणि स्थिर तबकडीवर सुई टेकवून ते कान देऊन बसले होते. भूकंपाची पूर्वसूचना अशी मिळत नाही, हे ते वर्गात शिकवत आले होते. मी तसे म्हणालो. ते म्हणाले, "माहीत आहे. पण खाली काय चाललंय ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती ना?"

खरे तर भूकंपमापकातही स्प्रिंगेला टांगलेले वजनच असते. जमीन हलते, वजन जागच्या जागी राहू पाहते, आणि त्या फरकावरून हादरा मोजला जातो. जमिनीपासून सुटे होण्याची युक्तीच जमिनीचे वर्तमान सांगते. हे मला फार उशिरा उमगले. त्या रात्री आप्पांना सांगता आले असते तर बरे झाले असते.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आले, की नव्या जागी वसवलेल्या किल्लारीत एक शाळा आणि एक दुकानसंकुल अशा दोन एकमजली इमारती पायाखाली रबरी आधार घालून बांधल्या गेल्या. भारतात हे तंत्र प्रथम तिथेच वापरून दाखवले गेले. २००१च्या भूकंपानंतर भुजचे चार मजली रुग्णालयही त्याच तंत्राने उभे राहिले. मी उत्साहाने आप्पांना हे वाचून दाखवले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे आपलंच गणित. आपण ते सुईसाठी केलं. डोक्यावर दोन हात माती होती, तिच्याकडे पाहिलंच नाही."

माळवद भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात उतरवले होते. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते आप्पा निवृत्तीपर्यंत फेडत राहिले. वर पत्रे आले. स्प्रिंगा पुन्हा आपल्या जागी गेल्या. पावसाळ्यात पत्र्यांवर सर आली की मारवाच काय, शेजारची गिरणीसुद्धा ऐकू येत नसे. अशा वेळी आप्पा सुई उचलून ठेवत आणि पाऊस थांबण्याची वाट पाहत. त्या आवाजावर उपाय शोधताना मात्र मी त्यांना कधी पाहिले नाही.