माझी गप्पीची पिल्ले

आमच्या घरामागे पाण्याचा हौद आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला मलेरिया झाला. तो थंडीने कुडकुडत होता. मला फार भीती वाटली. मग आरोग्य खात्याचे एक काका आले. त्यांनी हौदात गप्पी मासे सोडले. ते म्हणाले, "हे मासे डासांच्या अळ्या खातात."

मी त्यांतले चार मासे काचेच्या मोठ्या बरणीत ठेवले. एक नर आणि तीन माद्या. नर लहान पण रंगीत असतो. मादी मोठी आणि करड्या रंगाची असते. गप्पी अंडी घालत नाही, तिला पिल्लेच होतात, असे आम्हाला बाईंनी सांगितले.

एके दिवशी सकाळी बरणीत बारीक बारीक पिल्ले दिसली. नुसते डोळे आणि शेपटी! मी आनंदाने शाळेत गेले. संध्याकाळी येऊन बघते तर एकही पिल्लू नाही. मी रडायला लागले.

आजोबा पूर्वी होडीवर जायचे. ते म्हणाले, "अगो बाय, मोठी मासळी बारकीला खातेच. खाडीत बारकी पिल्लं तिवरांच्या मुळांत लपतात, म्हणून वाचतात. तुझ्या बरणीत लपायला जागा हाय कुठं?"

मग मी दुसरी बरणी घेतली. तिच्यात विहिरीचे पाणी आणि पुष्कळ शेवाळ घातले. एका मादीचे पोट फुगले होते आणि पोटामागचा काळा डाग मोठा झाला होता. तिला मी त्या बरणीत ठेवले. पाचव्या दिवशी पिल्ले झाली. मी लगेच आईला वाटीने हळूच बाहेर काढले. पिल्ले मोजली. एकोणीस!

मी त्यांना उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक बोटाने चुरून घातला. पण लाडाने जास्त घातला. पाणी गढूळ झाले, वास मारू लागले आणि सहा पिल्ले मेली. ती चूक माझीच. तेव्हापासून मी फक्त चिमूटभर घालते आणि थोडे थोडे पाणी बदलते. सगळे पाणी एकदम बदलत नाही.

आता तेरा पिल्ले मोठी झाली आहेत. दहा मी शेजारच्या काकूंच्या हौदात सोडली. त्यांच्याकडे तान्हे बाळ आहे. त्याला मलेरिया होऊ नये.

मित्रांनो, तुम्हाला गप्पी हवे असतील तर डबा घेऊन माझ्याकडे या. मात्र ते खाडीत किंवा ओढ्यात सोडू नका. बाई म्हणतात, गप्पी आपल्याकडचे नाहीत, ते तिथल्या माशांची पिल्ले खातील. ती पिल्लेसुद्धा कोणाची तरी आहेतच ना!

— इयत्ता ४ थी, दिघी