पिंचबेकचं मंगळसूत्र

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला डेमो होता. डेमो म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको. चार रंगीत आलेख, हलणारे काटे आणि उजव्या कोपऱ्यात 'अहवाल काढा' असं एक देखणं निळं बटण. बटण दाबलं की चकचकीत अहवाल उघडायचा. अडचण एवढीच की कुठलीही तारीख टाका, अहवाल तोच. आतलं खरं काम व्हायला अजून तीन आठवडे लागणार होते. पण मॅनेजर म्हणाला, "ते विचारणार नाहीत रे." मीही मान डोलावली. अप्रेझल जवळ आलं होतं, दुसरं काय!

पलीकडे इंग्लंडातले एक साठीचे गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे दोन वेळा तारीख बदलली, दोन्ही वेळा तेच आकडे बघितले आणि हसून म्हणाले, "दिसायला छान आहे. पण थोडं पिंचबेक आहे, नाही का?"

मी म्हटलं, "येस, शुअर." (न कळलेल्या प्रत्येक इंग्रजी वाक्याला माझं हेच उत्तर असतं.) कॉल म्यूट करून शेजारचा विचारतो, "पिंचबेक कोण? त्यांचा नवीन टेस्टर का?"

तर शनिवारी सकाळी चहा घेऊन डिक्शनरी उघडली. पिंचबेक हा खरंच एक माणूस निघाला! ख्रिस्टोफर पिंचबेक, लंडनमधला घड्याळजी, 1732 साली वारला. तांबं आणि जस्त विशिष्ट प्रमाणात मिसळून त्यानं हुबेहूब सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू काढला. घड्याळांच्या डब्या, बकलं, दागिने त्याचे होऊ लागले. पुढे पुढे 'पिंचबेक'चा अर्थच झाला नकली, दिखाऊ. बिचाऱ्यानं आयुष्यभर घड्याळं केली आणि नाव कुठे राहिलं बघा.

एकदा नाद लागला की माझं काही खरं नसतं. दुपारपर्यंत अशा शब्दांची रांगच लागली. 'टॉड्री' म्हणजे भडक आणि हलक्या प्रतीचं. हा शब्द आला चक्क एका संत बाईच्या नावावरून. सेंट ऑड्री सातव्या शतकातली. इंग्लंडमधल्या ईली गावी तिनं मठ स्थापला आणि 679 साली ती वारली. मानेवर गाठ झाली होती. तरुणपणी हार घालून मिरवले त्याची ही शिक्षा, असं ती स्वतःच मानायची म्हणे. पुढे ईलीला तिच्या नावाची जत्रा भरू लागली आणि तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जाऊ लागल्या. 'सेंट ऑड्रीज लेस' भरभर म्हणताना 'सेंट'चा शेवटचा ट ऑड्रीला चिकटला आणि झालं टॉड्री! हार घातल्याचा जिला पश्चात्ताप, तिच्याच नावानं गळ्यातली स्वस्त फीत. याला काय म्हणावं?

'टिन्सेल' म्हणजे आपली बेगड, बाशिंगाला लावतात ती. त्याचं मूळ ठिणगी या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. 'फ्लॅश इन द पॅन' म्हणजे आपला फुसका बार. जुन्या बंदुकीत बाहेरच्या खोलगट भागातली दारू भपकन पेटायची, पण आतला बार उडायचाच नाही. आणि 'एफेमेरल'चा ग्रीक अर्थ एक दिवस टिकणारं. एका दिवसात उतरणाऱ्या तापाला पूर्वी डॉक्टर तसं म्हणायचे.

आपली मराठी यात मागे नाही हं. तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणजे ग्रीकांपेक्षा दोन दिवस जास्तच! औट घटकेचं राज्य तर मोजताही येतं. औट म्हणजे साडेतीन, घटका चोवीस मिनिटांची. एकूण एक तास चोवीस मिनिटं. आमचा डेमो जवळपास तेवढाच चालला.

असं काही सापडलं की मी आईला फोन करतो. ती सांगलीला असते. तिला पिंचबेकची गोष्ट सांगितली. वाटेत लुटारू गाठतील म्हणून लोक खरं सोनं घरी ठेवून प्रवासात पिंचबेकचे दागिने घालायचे, असंही सांगतात, म्हटलं. आई हसली.

"मग माझं मंगळसूत्र पिंचबेकच म्हण की."

मला वाटलं, बसमध्ये घालायचं वेगळं ठेवलं असेल. म्हटलं, "खरं लॉकरमध्ये आहे ना?"

"लॉकर कसला? तुझ्या पहिल्या वर्षाच्या फीला मोडलं ते, 2003 मध्ये. हे मुलाम्याचं आहे. रंग उतरला की परत पाणी देऊन आणते."

मी गप्पच झालो. इतकी वर्षं, चुलतबहिणीच्या लग्नात, माझ्या लग्नात, प्रत्येक फोटोत ते तिच्या गळ्यात आहे. मी कधी नीट बघितलंच नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"अरे, सांगितलं असतं तर तू शिक्षण सोडून नोकरी शोधत बसला असतास. आणि लोकांना कशाला कळायला हवं?"

फोन ठेवल्यावर त्या शब्दांच्या यादीकडे परत बघवेना. नकली, दिखाऊ, वरवरचं. सगळे शब्द वस्तूला नावं ठेवतात. वस्तूवर मुलामा कुणी चढवला आणि कशासाठी, ते एकही शब्द सांगत नाही. मुलामा आईनंही चढवला आणि मीही. पण तिच्या मुलाम्याची किंमत तिनं स्वतः भरली होती, तीही माझ्यासाठी. माझ्या निळ्या बटणाची किंमत मात्र पलीकडचा तो माणूस भरणार होता, आणि शाबासकी मला मिळणार होती. एवढा साधा हिशोब मला डेमोच्या आधी सुचला नाही.

रविवारी रात्री मॅनेजरला फोन करून सांगितलं की मी त्यांना खरं काय ते कळवतोय. तो थोडा चिडला, मग म्हणाला, "बरं, कर." मेल चार ओळींची झाली. बटण अजून कशालाही जोडलेलं नाही, तीन आठवडे लागतील, शुक्रवारीच सांगायला हवं होतं, क्षमस्व. सोमवारी उत्तर आलं, "धन्यवाद. आता तीन आठवड्यांवर विश्वास ठेवता येईल." अप्रेझलचं काय होईल ते होईल.

असो. त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, दिवाळीला येताना खरं मंगळसूत्र आणतोय, नाही म्हणू नकोस. ती आधी सोन्याचा भाव सांगत बसली. मग म्हणाली, "आण बाबा. पण ते लॉकरमध्ये ठेवू. बसमध्ये मी हेच घालणार."