पेढीवरचा बिनतारी प्रिंटर

व्यापारी घरातील कागद आता संपणार, असे गेली कित्येक वर्षे बोलले जाते. प्रत्यक्षात कागद संपला नाही. हाताने लिहिला जात होता तो छापला जाऊ लागला, इतकेच. लातूरमधील एका डाळ व्यापाऱ्याच्या घरी, जिथे खाली पेढी आणि वर बिऱ्हाड आहे, या छापण्यावरून मोठा पेच उभा राहिला होता.

पेढीवरचा जुना प्रिंटर मुनीमजींच्या संगणकाला तारेने जोडलेला होता. मुनीमजी सात वाजता घरी गेले की छपाई थांबे. ट्रक मात्र रात्रीच भरतात. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल काढावे लागते. चालकाजवळ त्याचा नुसता क्रमांक असला तरी कायद्याला चालते. पण ट्रकवाला कागदच मागतो, आणि त्याचे काही चुकत नाही. मध्यरात्री हैदराबादच्या रस्त्यावर मोबाइलची बॅटरी संपली, तर कागदाशिवाय त्याची बाजू मांडणारे कोणी नसते.

दिवाळीत पुण्याहून आलेल्या धाकट्या मुलाने बिनतारी प्रिंटर आणला, दहा मिनिटांत मोबाइलवर काहीतरी केले आणि तो परत गेला. काय केले, ते कोणी विचारले नाही; त्यानेही सांगितले नाही. दोन महिने सर्व सुरळीत चालले. मग घरातली इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर बसला आणि प्रिंटर गप्प झाला. यंत्रात बिघाड नव्हताच. ज्या नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड त्याला एकदा सांगितले होते, त्याच नावाची तो इमानाने वाट पाहत होता. घरच्यांनी मात्र तो बिघडला असे ठरवून टाकले. मुलगा फोनवर सापडेना. "पुन्हा तारच लावा," असे अण्णांनी फर्मावले.

जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्या थोरल्या सूनबाईंनी एका रविवारची सवड मागून घेतली. प्रिंटरच्या मेनूत जाऊन त्यांनी जुने नेटवर्क पुसले, तेव्हा प्रिंटरने स्वतःचेच एक तात्पुरते नेटवर्क सुरू केले. मोबाइल त्याला जोडायचा होता. पण तिथे इंटरनेट नाही असे दिसताच मोबाइल आपोआप मोबाइल डेटाकडे पळे. डेटा बंद केल्यावर ती अडचण मिटली. दुसरी अडचण अधिक अवघड होती. नवा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन पट्टे एकाच नावाने दाखवत होता, आणि घरगुती वापराच्या बऱ्याच प्रिंटरप्रमाणे या प्रिंटरला फक्त २.४ कळत होते. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिल्यावर जोडणी झाली. जुन्या वाड्याच्या दोन फूट जाड भिंतींतून २.४ चा संदेश तुलनेने बरा जातो. तरीही प्रिंटर लोखंडी कपाटाआडून काढून जिन्याच्या वळणावर ठेवावा लागला.

आठवड्याभरात वीज गेली, आली, आणि संगणक पुन्हा "ऑफलाइन" सांगू लागला. राउटर प्रत्येक उपकरणाला काही काळापुरता एक आकडी पत्ता देतो. यावेळी प्रिंटरला नवा पत्ता मिळाला होता आणि मुनीमजींचा संगणक जुन्याच दारावर थाप मारत होता. सूनबाईंनी राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला. ती तक्रार पुन्हा आली नाही.

पेढीवर येणारे अडते आणि दलाल बसल्या बसल्या वाय-फाय मागतात, आणि सर्वांना घरचाच पासवर्ड दिला जात होता. म्हणजे बिले छापणारा प्रिंटर आणि हिशेबाचा संगणक ज्या नेटवर्कवर, त्याच नेटवर्कवर बाजारातील निम्मी माणसे! सूनबाईंनी पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढले. दारी आलेल्या माणसाला वेगळे वागवणे अण्णांना रुचले नाही. "अण्णा, पाहुण्याला आपण बैठकीत बसवतो, तिजोरीच्या खोलीत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. अण्णा हसले आणि गप्प राहिले. त्या घरात याचा अर्थ होकार असाच होतो.

तार गेली म्हणून परावलंबन गेले नव्हते. मुनीमजींच्या जागी पुण्याचा मुलगा आला होता, इतकाच फरक पडला होता. हे ओळखून सूनबाईंनी नेटवर्कची नावे, पासवर्ड, प्रिंटरचा पत्ता आणि जोडणीच्या पायऱ्या एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहिल्या. वही अण्णांच्या हवाली झाली आणि अण्णांनी ती खरेदीखतांच्या शेजारी तिजोरीत ठेवली. गेल्या महिन्यात पुन्हा राउटर बदलला, तेव्हा सूनबाई माहेरी होत्या. मुनीमजींनी वही मागून घेतली, चष्मा पुसला आणि पाऊण तासात पहिले बिल काढले.

आता घरातल्या प्रत्येक मोबाइलवरून छपाई होते. आजी मोठ्या अक्षरातील किराण्याची यादी काढतात आणि नातवंडे मोरांची रंगीत चित्रे. शाई वाळू नये म्हणून अधूनमधून एखादे रंगीत पान काढावे लागतेच, असा नातवंडांचा युक्तिवाद आहे आणि तो खोटाही नाही. ती शाई कोणत्या खात्यात टाकायची, यावर अण्णा आणि मुनीमजी यांचे अजून एकमत झालेले नाही.